ताई, हे असले प्रश्न काहून विचारून राह्यले?

या महिन्यात पत्रं, व्हॉट्सॲप, आणि एका भाऊंनी तर चक्क एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली, असं सगळं मिळून जे आलं त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच विषयावर आहे, एचआयव्हीचा सर्वे आणि त्यात विचारतात ते "तसले" प्रश्न. म्हणून म्हटलं या वेळी सांधेदुखी आणि केसगळती बाजूला ठेवू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी 19 वर्षं एका तालुक्याच्या दवाखान्यात आयसीटीसीमध्ये काउन्सिलर होते. आयसीटीसी म्हणजे जिथे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन फुकट होतं ती खोली. बोर्ड सगळ्यांनी पाहिलेला असतो पण त्याखाली थांबून वाचायची हिंमत कोणी करत नाही. नावं कोणाचीच देत नाहीये, गावंही नाही, फक्त तालुका नाहीतर जिल्हा.

"ताई, आमच्या गावात सर्वेवाली पोरगी आली होती. माह्या मालकाले विचारे का गेल्या वर्षात बायको सोडून दुसऱ्या कोणाशी संबंध आला का, निरोध वापरला का. ते तं रागानं लालच झाले. मी म्हणतो रक्त काढा, तपासा, रिपोर्ट येते. मंग ही अंथरुणातली चौकशी काहून पाह्यजे?" (घाटंजी तालुका)

बाई, राग येणारच, मला पण आला असता. पण रक्त किती सांगतं ते आधी पाहू. रक्त सांगतं की लागण झाली. कधी झाली, दोन महिन्यांपूर्वी का दहा वर्षांपूर्वी, ते साध्या तपासणीत कळत नाही, आणि कशानं झाली हे तर नाहीच नाही. आता तुमच्याकडे कपाशी असेलच. गुलाबी बोंडअळी पडली का नाही हे बोंड फोडून कळतं, पण बोंडात अळी दिसली तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून तर आपण शेतात कामगंध सापळे लावतो, रोज किती पतंग अडकून राह्यले ते मोजतो, म्हणजे पुढच्या पंधरा दिवसांत काय होणार त्याचा अंदाज येतो आणि फवारणीचं ठरवता येतं. वागणुकीचे प्रश्न म्हणजे तो सापळा आहे (नाव पण काय जुळलंय बघा, कामगंध!). रक्ताची तपासणी म्हणजे फोडलेलं बोंड.

अजून एक गोम आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं, ज्याला एआरटी म्हणतात, ती 1 एप्रिल 2004 पासून फुकट मिळायला लागली. त्याआधी लोक काही वर्षांतच जायचे, आता गोळ्या नियमित घेणारा माणूस म्हातारा होतो, नातवंडं खेळवतो. मग होतं काय, की नवीन लागण कमी झाली तरी एकूण रुग्णांचा आकडा फारसा खाली येत नाही, कारण आधीचे जगताहेत, आणि ते चांगलंच आहे ना. पण नुसतं रक्त मोजणारा म्हणेल की काहीच फरक पडला नाही. फरक पडला का हे कळायला लोक कसे वागताहेत तेच विचारावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्सनं (संयुक्त राष्ट्रांचा एड्सवर काम करणारा कार्यक्रम) 2000 साली हेच सांगितलं की रक्त आणि वागणूक दोन्ही सोबत पाहा. आपल्या देशात वागणुकीचे देशभराचे सर्वे 2001 आणि 2006 मध्ये झाले, आणि 2014-15 मध्ये जास्त धोक्याच्या गटांमध्ये दोन्ही एकत्र केलं. आणि हे मुंबई-पुण्याचंच काम आहे असं समजू नका, 2005 नंतर जो मोठा अभ्यास झाला त्यात महाराष्ट्रातल्या मोजक्या जिल्ह्यांत आपला यवतमाळही होता.

आता तुमच्या मालकांचं. त्यांना "मी उत्तर देत नाही" म्हणायचा पूर्ण हक्क होता, एका प्रश्नाला नाही, सगळ्या फॉर्मलाच नाही म्हणता येतं, आणि ते त्या पोरीनं सुरुवातीलाच सांगायला पाहिजे होतं. आणि तुम्हाला प्रश्न इतके नीट पाठ आहेत म्हणजे तिनं तुमच्यासमोरच विचारले असणार. बायकोसमोर कोणता माणूस हो म्हणेल? ते उत्तर कचऱ्यात गेलं समजा आणि घरात भांडण झालं ते वेगळंच.

"नमस्कार ताई, मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य) शेवटच्या वर्षाला आहे. फील्डवर्कला एका प्रोजेक्टसाठी 140 प्रश्नांचा फॉर्म दिलाय, एचआयव्हीशी संबंधित वागणूक. पन्नासावा प्रश्न यायच्या आत माणूस 'बैलाले पाणी पाजून येतो' म्हणून उठतो तो परत येतच नाही. सर म्हणाले तूच ठरव काय कमी करायचं. कोणत्या प्रश्नांना प्राधान्य देऊ?" (वर्धा जिल्हा)

बाळा, तुझ्या सरांनी ते आधीच ठरवायला पाहिजे होतं, पण जाऊ दे, तू विचारतोय हे बरं आहे.

पेन्सिल घे आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिही, की याचं उत्तर "हो" आलं तर कोणी काय करणार आणि "नाही" आलं तर काय करणार. दोन्हीकडे एकच आलं, नाहीतर काहीच नाही आलं, की प्रश्न खोड. "आजपर्यंत आयुष्यात किती जणांशी संबंध आला" हा प्रश्न हमखास असतो फॉर्ममध्ये, विचारणाऱ्याला लय मजा येते. पण बारा म्हटलं तर काय आणि तीन म्हटलं तर काय, वीस वर्षांपूर्वीचं आहे ते, आज कंडोमचा डबा कुठे ठेवायचा हे त्यातून कळत नाही. खोड.

ठेवायचं काय? सगळ्यात वर "शेवटच्या वेळी". शेवटच्या वेळी संबंध आला तेव्हा कंडोम होता का. "नेहमी वापरता का" असं विचारलं की माणूस शाळेतल्यासारखं बरोबर उत्तर देतो, हो हो नेहमी. शेवटची वेळ ही एकच घटना असते, ती आठवते, त्यात घोळ कमी. आणि नसेल तर का नव्हता, मिळाला नाही का, मागायची लाज वाटली का, दारू जास्त झाली होती का, का समोरच्यानं नको म्हटलं. हा "का" मला सगळ्यात मोलाचा वाटतो कारण चारही उत्तरांवर करायचं काम वेगवेगळं आहे, पण नेमका तोच फॉर्ममध्ये कोपऱ्यात "इतर (लिहा)" म्हणून असतो.

मग गेल्या 12 महिन्यांचं: घरच्या जोडीदाराशिवाय कोणाशी संबंध आला का, त्यात पैशाचा व्यवहार होता का, घर सोडून किती दिवस आणि कुठे राहिला, आणि एचआयव्हीची तपासणी केली का आणि केली तर रिपोर्ट घ्यायला गेला का. शेवटचा तुकडा विसरू नको, रक्त देऊन परत न फिरकणारे मी शेकड्यानं पाहिलेत. पुरुषाला पुरुषांशी संबंधाबद्दल पण विचारायचं, तोंड वाकडं न करता, लग्न झालेल्याला पण. सुई-सिरिंज वाटून घेण्याचा प्रश्न "आपल्याकडे असं कोणी करत नाही" म्हणून काढू नको, आपल्याकडे नाही हे विचारल्याशिवाय कळलं कसं?

कमाई, टीव्ही आहे का, फ्रिज आहे का, घर कौलारू का स्लॅबचं, हे पंचवीस-तीस प्रश्न असतील बघ पहिल्याच पानावर. दोन ठेव. माणूस ताजातवाना असतो तेव्हा आपण त्याला फ्रिजचं विचारतो आणि थकला की कंडोमचं, उलटी गंगा आहे ही.

आता शब्दांचं, यावर मी तासभर बोलू शकते. आमच्याकडे एकदा बाहेरून छापून आलेल्या फॉर्ममध्ये होतं, "गेल्या 12 महिन्यांत आपले किती जोडीदार होते?" सोबतच्या पोरानं कापूस वेचणीच्या टोळीतल्या एका काकांना विचारलं. काकांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "मुकादम धरून चौदा." पोरगं हादरलं, पण लिहिलं चौदा. अरे, आपल्याकडे जोडीदार म्हणजे सोबत काम करणारा, सोबत बिडी पिणारा! संध्याकाळी फॉर्म तपासताना माझ्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर ते काका कुठल्यातरी अहवालात अतिजोखमीचे म्हणून बसले असते. तसंच "लैंगिक संबंध" म्हटलं की म्हातारे पुढे सरकून "काय म्हणता?" विचारतात, आणि "कंडोम" तरुणांना कळतो पण पन्नाशीच्या वरच्याला "निरोध" म्हणावं लागतं. आणि "गेले 12 महिने" कोणी कॅलेंडरवर मोजत नाही. "मागच्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत" म्हण, लगेच डोळ्यासमोर येतं, पोळ्याला कुठे होतो, दिवाळीला कुठे, वेचणीला कुठे. म्हणून आधी दहा-बारा जणांवर फॉर्म करून बघ, आणि त्यांना उत्तर विचारू नको, "या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला काय लागला" ते विचार.

एकदा शब्द ठरले की मग दरवर्षी बदलत बसायचं नाही. अमेरिकेत 2003 पासून असा एक कायमचा सर्वे आहे, तो आळीपाळीनं एकेका गटाकडे जातो, एका वर्षी पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, एका वर्षी सुईनं नशा करणारे, एका वर्षी बाकीचे जास्त धोक्यातले स्त्री-पुरुष, आणि मूळ प्रश्न तेच ते ठेवतात म्हणून मागच्या फेरीशी ताडून बघता येतं. आपल्याकडे प्रत्येक नव्या साहेबाला फॉर्मला आपला हात लावायचा असतो.

आणि कधी जातोय ते पण बघ. पेरणीच्या दिवसांत गेला तर घरी सापडणार ते म्हातारे आणि लहान लेकरं. आणि गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ज्या गावांतून लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात तिथे संक्रांतीनंतर गेला तर ज्यांना विचारायचं तेच गावात नाहीत, आणि तू लिहिणार "या गावात स्थलांतर नगण्य".

(लिंबाच्या झाडाखाली बसून स्वतःच फॉर्म भरणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. फक्त एवढंच, की सगळे "नाही, नाही, नाही" आणि दर फॉर्मला सात मिनिटं, हे तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच दिसतं.)

"मी आशा वर्कर आहे, आठ वर्षं झाली. गावातलं पोट्टं न पोट्टं माह्या हातावर वाढलं. मले सांगतात तूच विचार, तुह्यावर लोकायचा विश्वास हाय. पण ताई, माह्यावर विश्वास हाय म्हणूनच ते मले खरं सांगणार नाहीत, असं मले वाटते. चूक हाय का?" (आर्णी तालुका)

शंभर टक्के बरोबर आहे तुझं, आणि हे तुला कळलं ते ट्रेनिंग देणाऱ्यांना अजून कळलं नाही. लसीकरणाला, बाळंतपणाला ओळख कामी येते. पण ज्या आशाताईला उद्या सकाळी नळावर भेटायचं आहे तिला कोण सांगेल की मी वणीला गेलो तेव्हा कुठे थांबलो होतो? या कामाला परका माणूस बरा, आणि परक्याहून बरी पेटी.

पेटीचं सांगते. कर्नाटकात खेडोपाडी ही पद्धत वापरली गेली, पोलिंग बूथ सर्वे म्हणतात, म्हणजे अगदी मतदानासारखं. दहा-बारा जणांना बोलवायचं, बाया वेगळ्या, पुरुष वेगळे. प्रत्येकाला आडोसा, शाळेचं बाक आणि पुठ्ठा लावून पण होतो. आडोशाआड तीन पेट्या, हिरवी म्हणजे हो, लाल म्हणजे नाही, पांढरी म्हणजे मला लागू नाही. हातात पत्त्यांसारखा गठ्ठा, प्रत्येक कार्डावर प्रश्नाचा नंबर. विचारणारा मोठ्यानं वाचतो, "प्रश्न 4, शेवटच्या वेळी निरोध वापरला होता का," आणि प्रत्येक जण 4 नंबरचं कार्ड हव्या त्या पेटीत टाकतो. कोणी कोणाचं पाहत नाही, कार्डावर नाव नाही. शेवटी सगळ्यांच्या हिरव्या पेट्या एकत्र ओतायच्या आणि मोजायचं, बारापैकी पाच हो. कोणते पाच ते देवाला माहीत. वाचता येत नाही त्यांना पण जमतं, नंबर ओळखता आला की झालं. तोंडी विचारल्यावर जितके लोक कबूल करायचे त्याहून जास्त पेटीत निघाले तिकडे, म्हणजे लोक खोटं बोलायचे ते आपल्या तोंडाकडे पाहून.

यात एक उणीव आहे बरं का. एका माणसाच्या दोन उत्तरांची सांगड घालता येत नाही, म्हणजे जो बाहेरगावी जातो तोच निरोध वापरत नाही का, हे पेटी सांगत नाही. त्यासाठी समोरासमोरची मुलाखत लागतेच, पण ती कुठे घ्यायची ते महत्त्वाचं.

माझीच गोष्ट सांगते. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली. माझ्या खोलीला प्लायवूडचं पार्टिशन होतं, वर छतापर्यंत पोचत नव्हतं. एक सून आली, बावीस-तेवीसची असेल, सासूला मी बाहेर बाकावर बसवलं आणि मोठ्या शहाणपणानं दार लावलं. मग फॉर्मप्रमाणे विचारलं, नवरा कामासाठी बाहेर राहतो का, किती महिने, आल्यावर संबंध येतो का. ती काही बोलायच्या आत पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला, "माह्या पोराची काय चौकशी लावली व तुनं?" ती पोरगी उठली, पदर सारखा केला आणि गेली. त्यानंतर तीन वर्षं त्या दवाखान्यात आली नाही, बाळंतपण पण दुसरीकडे केलं. फॉर्मवर मी काय लिहिलं माहिती आहे? "उत्तर देण्यास नकार." नकार कुठे होता तो?

तेव्हापासून मी आधी खोलीबाहेर कोणाला तरी उभं करून आत बोलायची आणि विचारायची, ऐकू आलं का. तू पण करून बघ.

"आमच्या गावात असा सर्वे नको असा ठराव घ्यायचं चाललं आहे. एकदा का गावाचं नाव यादीत आलं की सोयरिकी येत नाहीत. आणि करायचाच असेल तर मग एचआयव्ही निघालेल्यांची यादी ग्रामपंचायतीला द्या, म्हणजे आम्ही लक्ष ठेवू." (एक सरपंच, यवतमाळ जिल्हा)

सरपंचभाऊ, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. दुसरा वाचून मात्र मी चष्मा काढून परत घातला.

यादी मिळणार नाही. एचआयव्हीचा 2017 चा कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, कोणाची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय अशी दुसऱ्याला सांगायला त्यात मनाई आहे. आणि यादी हातात घेऊन तुम्ही काय लक्ष ठेवणार होता? पाणवठ्यावर का पंगतीत? या कामाला सरकारी मराठीत काही ठिकाणी "पाळत" म्हणतात, तो शब्दच चुकला आहे, पाळत चोरावर ठेवतात. हे मोजमाप आहे, पाऊस मोजल्यासारखं, कोणाच्या घरावर किती पडला ते त्यात नसतं.

पण सोयरिकीचं खरं आहे, आणि त्याहून एक बारीक गोष्ट आहे जी शहरातले फॉर्म बनवणारे विसरतात. नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. पुण्यात "वय 34, ट्रक ड्रायव्हर, विवाहित, दोन मुली" म्हटलं तर हजार निघतील. तुमच्या सहाशे वस्तीच्या गावात? पारावर बसलेला पहिला माणूस नाव सांगेल. म्हणून गावपातळीचा आकडा बाहेर काढायचाच नाही, जिल्हा नाहीतर पट्टा धरून सांगायचं. वयाचा मोठा गट करायचा, पंचवीस ते एकोणचाळीस असा, व्यवसाय "वाहतूक" एवढाच, मुलींचा तर प्रश्नच नको. तुमच्या ठरावात हे लिहा: गावाचं नाव छापणार नाही, फॉर्म गावात कोणाच्या घरी रात्रभर राहणार नाहीत, आणि विचारणारा आजूबाजूच्या तीन गावांतला नसेल. असा ठराव घेतला तर मी येऊन टाळ्या वाजवीन.

आणि सर्वेच नको म्हणाल तर काय होतं ते पण ऐका. नॅशनल हायवे 44 वर हिंगणघाटपासून पांढरकवड्याच्या पुढे आदिलाबादपर्यंत ढाबेच ढाबे आहेत, वणी-चंद्रपूरकडून कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालतात. कुठे ट्रक थांबतात, कुठल्या ठिकाणी कंडोम मिळत नाही, हे जिथून कळतं तिथे माणूस आणि माल पोचतो. ज्या गावानं दार लावलं तिथे लागण नाही असं होत नाही, तिथला काही पत्ता नाही एवढंच होतं.

"2005 ला म्हणत होते देशात 52 लाख एचआयव्ही रुग्ण, मग 2007 मध्ये एकदम 25 लाख. अर्धे कुठे गेले? असल्या आकड्यांवर विश्वास काय ठेवायचा?" (एक निवृत्त मास्तर, वर्धा)

गुरुजी, कुठे गेले नाहीत, नव्हतेच. आधीचा अंदाज बांधला होता तो मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बाया आणि गुप्तरोगाचे पेशंट यांच्या रक्तावरून, आणि ठिकाणं होती 700 च्या आसपास. 2006 मध्ये ती 1100 च्या वर गेली, आणि त्याच सुमारास राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत घरोघरी जाऊन 1 लाखाच्या वर लोकांचं रक्त तपासलं. घराघरातलं प्रमाण दवाखान्यातल्या प्रमाणापेक्षा बरंच कमी निघालं. तुम्ही पण मागच्या बाकावरच्यांचे पेपर तपासून सगळ्या वर्गाचा निकाल लावला नसता ना, तसंच. 2021 चा अंदाज देशात साधारण 24 लाखांचा होता, त्यात सगळ्यात जास्त, जवळपास 4 लाख, आपल्या महाराष्ट्रात.

तुमच्या मास्तरकीला आवडेल असा एक आकडा देते. त्याच घरोघरीच्या सर्वेच्या 2019-21 च्या फेरीत एचआयव्हीबद्दल पुरती आणि बरोबर माहिती असणाऱ्या बाया निघाल्या 21.6 टक्के आणि पुरुष 30.7 टक्के. त्याच सर्वेत एक साधा प्रश्न असतो, भाजीवाल्याला एचआयव्ही आहे हे कळलं तर त्याच्याकडून भाजी घ्याल का? मला विचाराल तर सगळ्या फॉर्ममधला हा सर्वात हुशार प्रश्न आहे. माणसाला "तुम्ही भेदभाव करता का" विचारलं तर छे छे म्हणतो, वांग्याचं विचारलं की खरं बोलतो.

"सुनेचं तिसऱ्या महिन्यात रक्त घेतलं, त्यातलं उरलेलं सर्वेला वापरतात म्हणे. न विचारता?" (दारव्हा तालुका)

काकू, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुनेची स्वतःची एचआयव्ही तपासणी तिला सांगून, तिची संमती घेऊनच होते, रिपोर्ट तिलाच मिळतो, आणि ती जरूर करा कारण वेळेवर कळलं तर बाळाला वाचवता येतं. दुसरं म्हणजे सेंटिनल सर्वे, 1998 पासून आहे, आता साधारण दर दोन वर्षांनी होतो, ठरलेल्या केंद्रांवर तीन महिन्यांत ओळीनं 400 गरोदर बायांचं रक्त, त्यावरचं नाव-नंबर काढून टाकून. ते कोणाचं हे तपासणाऱ्यालाही कळत नाही म्हणून रिपोर्ट पण नाही. अशा निनावी तपासणीला कायद्यानं वेगळी संमती लागत नाही, पण असा सर्वे सुरू आहे हे सांगणं बंधनकारक आहे. सांगितलं नसेल तर विचारा, हक्क आहे. त्या कागदावर नाव नसतं पण वय, शिक्षण, कितवी खेप, आणि नवरा कामासाठी सहा महिन्यांच्या वर एकटा दुसरीकडे राहतो का, एवढं असतं. हा शेवटचा प्रश्न आपल्या भागासाठी लाख मोलाचा आहे.

"ताई मी 6 वर्षं झाली गोळ्या घेतो. दरवर्षी मिरची तोडायले जातो तिकडे तेलंगणात. यंदा गोळ्या संपल्या, दीड महिना खाल्ल्याच नाही. परत आलो तं सेंटरवर बोलतील म्हणून गेलो नाही अजून. सर्वेवाले मले विचारतात बायायकडे जातो का. गोळ्यायचं कोणीच विचारत नाही." (गडचिरोली जिल्हा)

दादा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि आमच्या त्या एमएसडब्ल्यूवाल्या पोराला पण पाठवलं, नाव-पत्ता काढून. त्याला सांगितलं, तुझ्या 140 मध्ये हा प्रश्न नाहीये, घाल. गोळी चुकणं ही पण वागणूकच आहे. रोज गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, म्हणजे तुझी एक गोळी दोन घरं सांभाळते. कोण, कधी, कुठल्या कामाला गेल्यावर गोळ्या सोडतो हे मोजलं असतं तर जानेवारीत निघायच्या आधीच तुमच्या टोळीच्या हातात तीन महिन्यांच्या गोळ्या पडल्या असत्या.

आता तुझं. उद्याच जा. स्वतःच्या मनानं जुन्या उरलेल्या गोळ्या सुरू करू नको, आधी सेंटरवर दाखव, खंड पडला की ते व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, बघतात आणि ठरवतात. बोलतील, दोन शब्द बोलतील, मी पण बोलायची, खुर्चीत बसलं की तोंड सुटतं माणसाचं, तू मान खाली घालून ऐकून घे आणि गोळ्या घेऊन ये. फारच कोणी वंगाळ बोललं तर 1097 ला फोन लाव, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि पुढच्या खेपेला मुकादमानं तारीख सांगितली की त्याच आठवड्यात एआरटीचं हिरवं पुस्तक घेऊन सेंटरवर जायचं, सांगायचं की अमुक गावाला इतके महिने चाललो, जास्त दिवसांच्या गोळ्या द्या, आणि तिकडचं जवळचं एआरटी सेंटर कोणतं ते त्या पुस्तकातच लिहून घ्यायचं. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, मिरचीच्या पोत्यात टाकू नको, मागे एकानं टाकलं होतं तर आमच्या खोलीत पुस्तक उघडल्याबरोबर सगळे शिंकत सुटले.